देवरेबाईंच्या बॅटरीतलं पाणी

निफाडच्या सबस्टेशनातून प्रल्हाद गायधनी ऊर्फ नाना निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळात पेन्सिलीएवढी सुकी बॅटरी होती. जिच्यात पाणी घालता येत नाही तिला बॅटरी म्हणायचं तरी कशाला, असं म्हणत त्यांनी ते घड्याळ भाच्याला देऊन टाकलं.

माणसाने उभा जन्म बॅटरी रूममध्ये काढला की असं होतं. शिशाच्या त्या अगडबंब बॅटऱ्यांची रांग. एकेकीचं बूच उघडायचं, आत डोकवायचं, पाणी खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर पुसून वर जेली चोपडायची. ॲसिडने भोकं न पडलेला एकही शर्ट नानांकडे नव्हता. बायको होती तोवर ती रफू करायची. ती गेल्यावर भोकं तशीच राहिली. मुलगा-सून हैदराबादला, फोन रोज यायचा, पण फोनला पाणी घालावं लागत नाही, त्यामुळे नानांचा त्यात फारसा जीव रमत नसे.

गोष्ट २०४० च्या आसपासची. उन्हाळे असे कडक झाले होते की भर दुपारी वीज जायची आणि कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. अमृतवेल कॉलनीत घरटी इन्व्हर्टर होता, आणि प्रत्येक इन्व्हर्टरखाली तहानलेली बॅटरी. रविवार उजाडला की नाना कॅन आणि नरसाळं घेऊन निघत. पैसे विचारले तर अंगावर जात. चहा मात्र प्रत्येक घरी घेत. असं घर घर करत शेवटी ते देवरेबाईंकडे पोचत. शेवटी अशासाठी, की शेवटच्या घरातून पुढे कुठे जायची घाई नसते.

देवरेबाई भूगोल शिकवायच्या. अर्ध्या निफाडने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी शाल्मली नाशकात संशोधन करत होती, आणि बाईंना ऐकायला वर्ग उरला नव्हता. मग नाना बॅटरीवर वाकलेले असताना त्या शेजारी स्टूल ओढून एखादा देश सुरू करायच्या. पेरूचे डोंगर, फिनलंडची तळी. मधूनच प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चुकलं तर, "गायधनी, लक्ष कुठाय?" म्हणून दटावायच्या. दौंडच्या पलीकडे न गेलेल्या नानांना आता बोलिव्हियाची राजधानी माहीत होती. वर कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या पाणी घालायच्या कामाला इतर घरी दहा मिनिटं लागत, बाईंकडे दुपार होई.

आणि हे सगळं शाल्मलीने बुडवलं, तेही चांगल्या हेतूने.

"नाना, पाण्याचा एकच दोष," ती एका रविवारी बाईंच्या दिवाणखान्यात बसून सांगू लागली. "विजेचा दाब सव्वा व्होल्टच्या वर गेला की ते फुटायला लागतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं. तुमच्या बॅटऱ्यांमधलं पाणी कमी का व्हायचं? ह्याचमुळे."

"म्हणजे माझी सगळी नोकरी पाण्याच्या एका दोषावर चालली?"

"हो ना."

नानांनी चहाचा पेला खाली ठेवला. हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शाल्मली आपल्याच नादात होती. सोडियमची बॅटरी स्वस्त, कारण सोडियम म्हणजे मिठातलं, त्याला काय तोटा? आतला द्राव पाण्याचा असला तर आगीची भीती नाही. लिथियमच्या बॅटऱ्यांनी दोन-चार गावांत घरं पेटवल्यापासून कॉलनीत त्यांना बंदीच होती. पण पाणी फुटतं म्हणून दाब वाढवता येत नाही, आणि दाब नाही तर बॅटरीत जोर नाही. इथे सगळ्यांचं घोडं अडलं होतं.

"मग उलटं करायचं," ती म्हणाली. "पाण्यात क्षार नाही, क्षारात पाणी. क्षार इतका घालायचा की पाण्याच्या प्रत्येक रेणूला कुठल्या ना कुठल्या सोडियमला धरून बसावं लागेल. मोकळा रेणूच उरत नाही. सहजासहजी फुटतो तो मोकळाच."

"लग्नघरासारखं आहे," बाई म्हणाल्या. "रिकाम्या पाहुण्यालाच मानपान आठवतात. त्याच्या हातात वाढपाचं पातेलं दिलं की बसला गप्प."

"अगदी तसंच, आई. फक्त एक कटकट आहे. इतका क्षार थंडीत खाली बसतो, खडे धरतो. म्हणून मी त्यात युरिया मिसळलाय. युरिया असला की खडे धरत नाहीत."

"युरिया?" नाना उडालेच. "बॅटरीला की द्राक्षाला?"

"बॅटरीलाच. आणि निफाडइतकी थंडी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून चाचणी आपल्या कॉलनीत. एक हिवाळा बॅटऱ्या नीट चालल्या की प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मिळालं की सिन्नरला कारखाना. नाही मिळालं तर सहा वर्षं पाण्यात."

"बरं, मग पाणी कधी कधी घालायचं?"

"कधीच नाही, नाना. थेंबभरही नाही. पाणी वाढलं की मोकळे रेणू वाढले, आणि मग तेच फुटणार."

नाना हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला आणि कॉलनीतल्या जुन्या बॅटऱ्या घेऊन गेला. मुलीची पाठवणी करावी तसे नाना फाटकाशी उभे राहिले. नव्या बॅटऱ्या पांढऱ्या, गुळगुळीत, देवघराएवढ्या. बाजूला एक बूच, त्यावर चंदेरी चिकटपट्टी: 'पाणी घालू नये. बूच उघडू नये.' नानांना ते आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखं वाटलं.

रविवारी सवयीने ते निघाले, तर लोक दारातूनच म्हणू लागले, "आता काही नाही हो नाना, सुटलात तुम्ही!" सगळे आनंदाने म्हणत होते. काम नसताना कुणाकडे जाऊन बसायचं हे नानांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांच्या वडलांनाही जमत नसे. लग्नाचं आमंत्रण असलं तरी ते आधी मांडवातली वायरिंग तपासायचे आणि मगच जेवायला बसायचे. त्यामुळे देवरेबाईंच्या दारात पोचेपर्यंत नानांनी एक थाप तयार केली होती.

"नव्या बॅटरीवर सुरुवातीला देखरेख लागते, बाई. मीटर लावून बघतो."

"बघा की," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून मंगोलिया सुरू केला.

असे दोन महिने बरे गेले. मग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बाई म्हणाल्या, "गायधनी, तुमचा मीटर दर वेळी तोच आकडा दाखवतो. तुमचे गुडघे दुखतात, एवढ्या थंडीत कशाला येता? शाल्मली म्हणते वर्षभर बघावंही लागत नाही. आता नका त्रास घेऊ."

त्या हे मनापासून, काळजीने म्हणाल्या आणि आणखी चहा टाकायला आत गेल्या. नाना तिथेच बॅटरीसमोर बसून राहिले. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, सगळे रविवार त्यांना त्या पांढऱ्या खोक्यावर दिसायला लागले. बॅटरीला काही होत नव्हतं, होणारही नव्हतं. एवढी निरोगी बॅटरी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती आणि कुठल्याच बॅटरीचा इतका राग आला नव्हता.

माणसाची बुद्धी फिरायला वेळ लागत नाही हो. नानांनी हातातल्या स्टीलच्या पेल्याचं गरम बूड चिकटपट्टीवर धरलं. डिंक सैल झाला, पट्टी अलगद उठली. बूच कारखान्यातल्या खास किल्लीशिवाय उघडणार नाही अशी योजना होती, पण अडलेली बुचं उघडण्यात नानांचा हातखंडा. पिशवीतली सांडशी आणि रुमाल, झालं काम. डिस्टिल्ड वॉटर त्यांच्या पिशवीत असायचंच, पोलिसाच्या खिशात शिट्टी असते तसं. नरसाळ्याने थोडंसंच घातलं. बाळाला गुटी देतात, तेवढंच. बूच लावलं, पट्टी पुन्हा पेल्याने शेकून बसवली.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा नाना मीटरकडे बघून मान हलवत होते.

"काय झालं?"

"काही नाही. जरा लक्ष ठेवावं लागेल. दर आठवड्याला येतो."

आणि काय सांगू तुम्हाला, तो हिवाळा नानांचा सगळ्यात सुखाचा गेला! निफाडचा पारा पेपरात छापून येण्याइतका उतरला, द्राक्षबागांत रात्रीच्या शेकोट्या पेटल्या, आणि नाना दर रविवारी कानटोपी घालून देवरेबाईंकडे हजर. अख्खा आफ्रिका खंड संक्रांतीच्या आत झाला. बाईंना मधेच आठवायचं, "अहो, बॅटरी कशी आहे?" की नाना गंभीर चेहरा करायचे. गुटी चालूच होती. आपण काही वाईट करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. पाणी घालणं कधी वाईट असतं का? उन्हाळ्यात माठ भरतो, झाडाला घालतो, आल्यागेल्याला देतो. पोरीने काहीतरी पुस्तकी सांगितलं असेल, असं ते स्वतःला समजावत.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं. एका सकाळी बाईंना शिट्टी ऐकू आली. त्यांनी उठून शेगडी बंद केली. पाच मिनिटांनी पुन्हा शिट्टी. शेगडी बंद, आणि कुकर तर खाली उतरवून ठेवलेला! तिसरी शिट्टी ऐकून त्या बाहेर आल्या तेव्हा बॅटरीची झडप फुर्रर्र करून वारा सोडत होती आणि खोकं दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. बाईंनी खिडक्या उघडल्या, मेन स्विच पाडला आणि मुलीला फोन केला. मुलीच्या आधी ही बातमी बॅटरीनेच प्रमाणन मंडळाला कळवली होती. तशी तिच्यात सोयच होती.

मंडळाचे कुलथे साहेब आले. उन्हातसुद्धा माकडटोपी घातलेला किडकिडीत माणूस, तोंडात सतत बडीशेप. त्यांनी आधी इतर घरांतल्या बॅटऱ्या तपासल्या. सगळ्या ठणठणीत, एकातही खडा नाही. मग ते देवरेबाईंकडे येऊन बसले. शाल्मली आली होती, तिचे डोळे सुजले होते. नानांना कॉलनीतले जाणकार म्हणून मुद्दाम बोलावणं गेलं होतं. ते कोपऱ्यात, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

कुलथेंनी बॅटरी काट्यावर चढवली. "वजन वाढलंय. पोरं अंगाने भरतात, बॅटऱ्या नाही भरत." मग झडपेतून सुईने थेंब काढून कसल्याशा कागदावर टाकला. "पाणी घातलंय कुणीतरी. आणि नळाचं नाही. क्लोरिन नाही, चुना नाही. अगदी शुद्ध, प्रयोगशाळेत असतं तसं."

त्यांनी बडीशेप चावत शाल्मलीकडे पाहिलं.

"मॅडम, हे घर तुमच्या आईचं. थंडीत इथे क्षाराचे खडे धरले असणार. ते विरघळावेत म्हणून तुम्ही गुपचूप पाणी घातलंत. चिकटपट्टीसुद्धा इतक्या सफाईने बसवलीय की ती साध्या माणसाचं काम नाही. हा प्रयोग मला रद्द करावा लागेल, सगळ्या घरांतला. आणि फसवणूक म्हणून वर कळवावंही लागेल."

"मी नाही घातलं," शाल्मली म्हणाली. "साहेब, मी कशाला घालीन? पाणी घातलं तर हेच होणार, हे मीच तर सगळ्यांना सांगत होते."

"माझी मुलगी लबाडी करणार नाही," बाई ताडकन उठल्या. "चुकेल, पण फसवणार नाही. अहो गायधनी, तुम्ही दर आठवड्याला बघत होतात. तुम्ही सांगा ह्यांना, बॅटरीला कुणी हात लावला होता का?"

नाही म्हटलं तर पोरीची सहा वर्षं जातात, आणि हो म्हटलं तर बाई जातात. इतकं साधं होतं सगळं. त्यांना बाईंकडे बघवेना. बाई मात्र त्यांच्याकडे मोठ्या विश्वासाने बघत होत्या, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"लावला होता," नाना म्हणाले. "मी."

कुलथे हसले. "शेजारधर्म छान आहे तुमचा, काका. पण ते बूच खास किल्लीशिवाय उघडत नाही."

नाना उठले. पिशवीतून सांडशी आणि रुमाल काढला, बाईंनी कुलथेंसाठी आणलेला चहाचा पेला उचलून चिकटपट्टीवर धरला, आणि सगळ्यांच्या देखत बूच काढून साहेबांच्या हातावर ठेवलं. कुलथे बडीशेप चावायचे थांबले.

"का?" त्यांनी विचारलं.

"सवय. जन्मभर पाणीच घातलं."

"सवय असती तर सगळ्याच घरांत घातलं असतं. बाकीच्या बॅटऱ्यांत थेंबभर जास्त नाही. इथेच का?"

नाना रुमालाची घडी घालू लागले. शाल्मली त्यांच्याकडे बघत होती, मग तिने आईकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं असावं, कारण तिने एकदम तोंडावर हात ठेवला.

"बोला काका, मला वर कारण सांगावं लागतं."

"इथे यायला काहीतरी काम लागतं ना," नाना जमिनीकडे बघत म्हणाले. "बॅटरी बिघडत नव्हती. बाई म्हणाल्या, आता येऊ नका. मग बिघडवली."

कुलथेंना ठसका लागला. बडीशेप घशात गेली. शाल्मली पाणी आणायला धावली.

मग बाई बोलल्या, पण वर्गात बोलायच्या तशा नाही, फार हळू. "माझ्या मुलीला लबाड ठरवायची पाळी आणलीत. तुमच्यासमोर रडत होती ती. गायधनी, तुम्ही आता घरी जा."

नाना गेले. सांडशी तिथेच राहिली.

कुलथे साहेब मात्र थोर माणूस निघाला. बॅटरीचा मुद्दाम दुरुपयोग करून बघायची एक चाचणी मंडळाच्या नियमांत असते. ठोकायची, तापवायची, नको ते घालायचं. ती पुढच्या वर्षी व्हायची होती. कुलथेंनी विचार केला, एका मुरलेल्या माणसाने अख्खा हिवाळा ह्या बॅटरीवर नको ते सगळं केलं, तरी ती पेटली नाही, फुटली नाही, शिट्टी वाजवून मोकळी झाली. ह्यापेक्षा मोठा दुरुपयोग मंडळाच्या दहा माणसांनाही सुचला नसता! शाल्मलीला प्रमाणपत्र मिळालं. अट एकच, बूच असं हवं की ते गायधनींनाही उघडता येऊ नये.

महिन्याभराने शाल्मली नवीन बूच घेऊन नानांच्या घरी आली. नानांनी सांडशी, रुमाल, पेला, सगळं करून पाहिलं. बूच हललं नाही.

"छान झालंय," ते म्हणाले.

"कारखान्यात ह्याला गायधनी बूच म्हणायला लागलेत सगळे."

नानांनी कसनुसं हसून बूच परत केलं. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "पोरी, मी फार वाईट वागलो तुझ्याशी."

"वागलातच. अजून राग आहे मला, थोडासा." ती उठली. "आईलाही आहे. पण ती रविवारी दोन माणसांच्या भाकऱ्या थापते आणि मग मला फोन करून रागावते, की उरल्या."

रविवारी नाना आंघोळ करून, एकही भोक नसलेला शर्ट घालून निघाले. तो भाच्याकडून मागून आणलेला होता आणि पोटावर तटतटत होता. कॅन नाही, नरसाळं नाही, मीटर नाही. वाटेत ते दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा एक-दोघांनी गच्चीवरून विचारलं, "नाना, कुणाची बॅटरी?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

देवरेबाईंनी दार उघडलं. त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"काय काम काढलंत?"

"काही नाही."

"बॅटरी बघायला आलात?"

"नाही."

"मग?"

नानांचे कान लालबुंद झाले. "तुम्हाला भेटायला आलो, बाई," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

बाईंनी हाताचं पीठ पदराला पुसलं. मग दारातून बाजूला झाल्या.

"चपला आत काढा," त्या म्हणाल्या. "बाहेर राहिल्या की कुत्री नेतात, आणि तुम्हाला लवकर सोडायचा आज माझा विचार नाही."